वयस्क कुत्र्या-मांजरांची सांधेदुखी : ओळख, काळजी आणि उपचार

शेतातील वस्तीवर राहणाऱ्या कुटुंबाला कुत्रा आणि मांजर ही दोन्ही जनावरे लागतातच. रात्री रानडुक्कर पिकात शिरले, खळ्यापाशी अनोळखी माणूस आला किंवा गोठ्याच्या आसपास बिबट्या फिरकला की पहिली वर्दी कुत्रा देतो. धान्याच्या कणगीभोवतीचे उंदीर मांजर आवरते. गाय किंवा म्हैस आजारी पडली तर आपण त्याच दिवशी धावपळ करतो, कारण दूध घटल्याचे लगेच चरवीत दिसते. कुत्र्या-मांजरांचे तसे होत नाही. आठ-दहा वर्षे राखण केलेला कुत्रा हळूहळू उठायला वेळ लावू लागतो, बांधावर चढताना थांबतो, हाक मारली तर बसल्या जागीच शेपटी हलवतो. 'म्हातारा झाला, आता असेच चालायचे' असे म्हणून आपण ते सोडून देतो.

प्रत्यक्षात अशा पुष्कळ जनावरांना वयापेक्षा सांध्यांच्या दुखण्यानेच जखडलेले असते. झिजलेला सांधा पुन्हा पहिल्यासारखा होत नाही हे खरे. पण वेदना कमी करता येते, झीज मंद करता येते आणि जनावराची पुढची काही वर्षे सुखाची करता येतात. यातील बहुतेक उपाय घरच्या घरी व थोड्या खर्चात होण्यासारखे आहेत. दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. जनावराची कणव येऊन घरातील माणसाच्या अंगदुखीची गोळी त्याला दिली जाते आणि दुखण्याने नव्हे तर त्या गोळीने जनावर दगावते. म्हणून काय करावे आणि काय मुळीच करू नये, या दोन्ही गोष्टींची माहिती या लेखात दिली आहे.

म्हातारपण केव्हा सुरू होते?

सर्व कुत्री एकाच वयात म्हातारी होत नाहीत. जितका देह मोठा, तितके म्हातारपण लवकर. जर्मन शेफर्ड, लॅब्रेडॉर, रॉटवायलर अशा मोठ्या जातींची कुत्री साधारणतः सात-आठ वर्षांची झाली की वयस्क समजावीत. मध्यम बांध्याची देशी कुत्री नऊ-दहा वर्षांची व लहान चणीची कुत्री दहा-अकरा वर्षांची झाल्यावर या गटात येतात. मांजर साधारण दहा-अकरा वर्षांनंतर वयस्क होते. या वयापासून वर्षातून किमान दोनदा जनावराच्या चालण्या-उठण्याकडे मुद्दाम लक्ष द्यावे. पावसाळ्यापूर्वी रेबीजची लस टोचून घेताना पशुवैद्यकाकडून सांधे तपासून घेतले, तर वेगळी खेप पडत नाही.

सांध्यात नेमके काय बिघडते?

दोन हाडे जिथे मिळतात तिथे त्यांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. सांध्याभोवतीच्या पिशवीत वंगणासारखा चिकट द्रव असतो. बैलगाडीच्या आसाला वंगण असले की चाक जसे न कुरकुरता फिरते, तसेच सांध्याचे आहे. वय, जुनी इजा किंवा जास्त वजन यांमुळे कूर्चा झिजू लागते. द्रव पातळ होतो व त्याची वंगण करण्याची शक्ती कमी होते. सांध्याला सूज येते आणि हाडाच्या कडांना नवीन हाडाचे टोकदार उंचवटे फुटतात. मग सांधा पूर्ण वाकत नाही आणि वाकवला की दुखतो.

दुखते म्हणून जनावर तो पाय कमी वापरते. वापर कमी झाला की मांडीचे स्नायू आटतात. स्नायू आटले की सांध्याचा आधार जातो व झीज आणखी वाढते. बसून राहिल्याने वजनही वाढते. अशा रीतीने एक बिघाड दुसऱ्याला वाढवत जातो. उपचाराचा सारा भर ही साखळी तोडण्यावर असतो.

कुत्र्यामध्ये खुबा, मागचा गुडघा, पुढचे कोपर व पाठीचे मणके हे भाग जास्त करून बिघडतात. मोठ्या विलायती जातींत खुब्याचा सांधा सैल घडण्याचा दोष आनुवंशिक असतो. देशी कुत्र्यांमध्ये मोटारसायकलची धडक, जुने मोडलेले हाड किंवा गुडघ्यातील अस्थिबंध तुटणे ही कारणे अधिक आढळतात. मांजरांमध्ये हा विकार दुर्मीळ आहे असे पूर्वी मानले जाई. पण ते खरे नाही. अमेरिकेत १२ वर्षांवरील १०० मांजरांचे क्ष-किरण फोटो तपासले असता त्यांपैकी ९० मांजरांच्या सांध्यांत किंवा मणक्यांत झिजेच्या खुणा आढळल्या, असे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नमूद आहे. मांजर दुखणे लपवते म्हणून ते आपल्या लक्षात येत नाही, एवढेच.

कुत्र्यातील लक्षणे

१) सकाळी किंवा बराच वेळ झोपून उठल्यावर पाय आखडलेले असतात, दहा-पंधरा पावले चालल्यावर चाल थोडी सुधारते.
२) थंडीत व पावसाळी दमट हवेत त्रास वाढल्यासारखा दिसतो.
३) उठताना पुढच्या पायांवर जोर देऊन मागचा भाग ओढून घेतो.
४) ओटा, पायरी, बांध किंवा ट्रॉलीवर चढण्यास टाळाटाळ करतो.
५) धावताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम टाकतो.
६) एखादा सांधा सतत चाटतो, तेथील केस तांबूस पडतात किंवा झडतात.
७) एका मांडीचा स्नायू दुसरीपेक्षा बारीक लागतो. दोन्ही हातांनी दोन्ही मांड्या एकाच वेळी चाचपून पाहिल्यास हा फरक कळतो.
८) एरवी गरीब असलेला कुत्रा पाठीला किंवा खुब्याला हात लावताच गुरगुरतो.

कुत्रा ओरडत नाही म्हणजे त्याला दुखत नाही, असे समजू नये. बहुतेक कुत्री जुने दुखणे मुकाट्याने सोसतात.

मांजरातील लक्षणे

मांजर सहसा लंगडत नाही. ते आपल्या सवयी बदलते. पूर्वी एका उडीत माळ्यावर जाणारे मांजर आता आधी पेटीवर, मग खिडकीत असे टप्प्याटप्प्याने जाते किंवा वर जाणेच सोडते. उतरताना पुढचे पाय खाली सोडून बराच वेळ रेंगाळते. पाठीकडचे व शेपटीजवळचे केस चाटून साफ करता येत नसल्याने तेथे गुंता होतो. नखे वाढून जाड होतात. ठरलेली जागा सोडून घरातच घाण करते. कणगीभोवती उंदीर वाढले आणि मांजर मात्र चुलीजवळून हलत नाही, तर ते आळशी झाले असे म्हणण्याआधी त्याचे सांधे तपासून घ्यावेत.

सांधेदुखी की दुसरे काही?

प्रत्येक लंगडणे ही सांधेदुखी नसते. प्रथम पायाचे तळवे व बोटांमधील जागा पाहावी. बाभळीचा काटा, रुतलेली काच, मांसात वळलेले नख किंवा बोटांत बसलेली गोचीड हे कारण असू शकते. त्यानंतर पुढील गोष्टींचा विचार करावा.

ताप, सुस्ती, पांढरट हिरड्या, नाकातून रक्त व एकामागून एक पाय दुखणे ही लक्षणे गोचिडांमुळे होणाऱ्या तापाची असू शकतात. रक्त तपासून योग्य औषध दिल्यास कुत्रा बरा होतो. एकाच पायाच्या हाडावर कडक सूज येऊन ती दिवसेंदिवस वाढत असेल तर हाडाच्या कर्करोगाची शंका घ्यावी. पाय ओढले जात असतील व पंजा उलटा पडत असेल तर बिघाड मणक्यात असण्याचा संभव असतो. मांजराचे मागचे पाय एकाएकी लुळे व गार पडले आणि ते आक्रोश करू लागले तर रक्तवाहिनीत गुठळी अडकलेली असू शकते. अशा वेळी तासाभराचाही उशीर करू नये.

वागणुकीत अचानक बदल, लाळ गळणे, आवाज बदलणे, गिळता न येणे व पायांतील ताकद जाणे ही लक्षणे दिसल्यास रेबीजचा धोका ध्यानात घ्यावा. असे जनावर हाताळू नये, त्याच्या तोंडात हात घालू नये व पशुवैद्यकास ताबडतोब कळवावे. चावा किंवा लाळेचा संसर्ग झाल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी. सांधेदुखीचा कुत्राही दुखऱ्या जागी हात लागताच चावू शकतो. म्हणून तपासताना तोंडाला मऊ पट्टी बांधावी व लहान मुलांना दूर ठेवावे.

सर्वांत मोठा उपाय : वजन

सांधेदुखीवर सर्वांत खात्रीचा व बिनखर्चाचा उपाय म्हणजे वजन आटोक्यात ठेवणे. अमेरिकेत लॅब्रेडॉर जातीच्या ४८ कुत्र्यांवर केलेल्या दीर्घ प्रयोगाचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. पिल्लांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतील एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाद्य देण्यात आले. कमी खाद्यावरील कुत्र्यांचे मध्यम आयुष्य १३ वर्षे, तर दुसऱ्या गटाचे ११.२ वर्षे भरले. सांधेदुखीवर उपचार करण्याची वेळही सडपातळ कुत्र्यांवर सुमारे तीन वर्षे उशिरा आली. याचा अर्थ कुत्रा उपाशी ठेवावा असा नव्हे. त्याच्या अंगावर चरबी चढू देऊ नये, एवढाच आहे.

वजन योग्य आहे की नाही हे पाहण्यासाठी बरगड्यांवरून हलका हात फिरवावा. बरगड्या सहज हाताला लागाव्यात, पण लांबून उठून दिसू नयेत. वरून पाहिले असता बरगड्यांमागे कंबर आत गेलेली दिसावी. वजन करण्यासाठी वेगळे यंत्र लागत नाही. धान्याच्या मोठ्या काट्यावर कुत्र्याला उचलून घेऊन उभे राहावे आणि नंतर आपले एकट्याचे वजन त्यातून वजा करावे.

लठ्ठ व लंगडणाऱ्या कुत्र्यांमध्ये वजन सुमारे सहा टक्क्यांनी उतरले तरी लंगडणे कमी होऊ लागते, असे आढळले आहे. म्हणजे ३६ किलोच्या कुत्र्याचे सव्वादोन किलो वजन उतरले तरी फरक जाणवतो. आठवड्याला साधारण एक टक्का, म्हणजे अशा कुत्र्यात साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास वजन उतरेल अशा बेताने खाद्य कमी करावे. म्हणजे दीड महिन्यात तेवढा पल्ला गाठता येतो.

आपल्याकडे कुत्र्याला उरलेली भाकरी, भात व दूध घालण्याची पद्धत आहे. घरातील प्रत्येक जण आपापल्या ताटातील तुकडा टाकतो आणि एकूण किती पडले याचा हिशेब राहत नाही. त्यासाठी खाद्य घालण्याचे काम एकाच व्यक्तीकडे द्यावे आणि दिवसाचे खाद्य दोन वेळांत मोजून घालावे. भात-भाकरीचे प्रमाण कमी करावे. पण अंडी, मासे, कोंबडीचे शिजवलेले हाडाविना मांस, डाळ यांसारखे प्रथिनयुक्त पदार्थ तोडू नयेत. प्रथिने कमी पडली तर आधीच आटलेले स्नायू आणखी आटतात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र पशुवैद्यकाच्या सल्ल्याने आहार ठरवावा. कांदा-लसूण घातलेली आमटी कुत्र्यास व मांजरास देऊ नये. कांद्याने त्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात.

मांजराचे खाद्य एकदम तोडू नये. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले तरी त्याच्या यकृतात चरबी साठून ते दगावू शकते. मांजर मुळात मांसाहारी आहे. नुसत्या दूध-भाकरीवर त्याचे पोषण होत नाही. मात्र रोज कलेजीच घालू नये. अनेक महिने मुख्यतः कलेजीवर पोसलेल्या मांजरात 'अ' जीवनसत्त्व अतिप्रमाणात साठते, मानेच्या मणक्यांवर हाड वाढते व मान कायमची जखडते.

बसण्याची व झोपण्याची जागा

ओल्या किंवा गार फरशीवर झोपणाऱ्या जनावराचे सांधे अधिक आखडतात. जमिनीपासून थोडी उंच, कोरडी व वारा न लागणारी जागा द्यावी. भाताचे तणस किंवा गव्हाचे काड भरलेले पोते, त्यावर जुनी गोधडी घातली की उत्तम बिछाना होतो. दाबल्यावर खालची जमीन हाताला लागणार नाही इतका तो जाड असावा. आठवड्याला तो उन्हात टाकावा, म्हणजे पिसवा होत नाहीत. काड दर पंधरवड्याला बदलावे.

शहाबादी किंवा चकचकीत फरशीवर म्हाताऱ्या कुत्र्याचे मागचे पाय घसरून फाकतात व सांध्यास नवी इजा होते. त्याच्या जाण्या-येण्याच्या वाटेवर जुनी सतरंजी किंवा गोणपाट अंथरावे. ओट्याला दोन-तीन पायऱ्या असतील तर बाजूने फळीचा उतार करावा व त्यावर पोते ठोकावे. पाण्याचे व खाण्याचे भांडे विटांवर ठेवून छातीच्या उंचीला आणावे, म्हणजे मान व कोपरांवर ताण येत नाही. मांजरासाठी माळ्याच्या खाली पाट, पेटी, पोत्याची थप्पी अशा टप्प्यांची सोय करावी. घाणीसाठी वाळू किंवा मातीची पाटी ठेवली असेल तर तिची एक कड बोटभर उंचीची ठेवावी.

दिवसभर आखूड साखळीने बांधलेल्या कुत्र्याचे सांधे लवकर जखडतात. बिबट्याचा वावर असलेल्या भागात तर रात्री बाहेर बांधलेला म्हातारा कुत्रा आयताच सापडतो. त्याला ना पळता येते, ना साखळी तोडता येते. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात बिबट्याच्या आहाराचा अभ्यास झाला व तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बिबट्याने खाल्लेल्या भक्ष्याच्या एकूण वजनात कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के व मांजरांचा १५ टक्के आढळला. म्हणून सूर्यास्तानंतर वयस्क कुत्रा व मांजर दाराआड किंवा जाळीच्या बंद खोलीत घ्यावे. तेथूनही कुत्रा भुंकून वर्दी देतोच.

चालणे, शेक व मालिश

दुखते म्हणून पूर्ण विश्रांती देणे चुकीचे आहे. तसेच मोटारसायकलच्या मागे मळ्यापर्यंत पळवणेही चुकीचे आहे. दिवसातून दोन-तीन वेळा दहा-पंधरा मिनिटे सपाट मातीच्या वाटेवर सावकाश चालवावे. रोजचे चालणे सारखे असावे. सहा दिवस बसवून सातव्या दिवशी शिकारीला नेऊ नये. चालून आल्यावर दुसऱ्या दिवशी लंगडणे वाढले तर अंतर कमी करावे.

आखडलेल्या सांध्यास कोमट शेक चांगला मानवतो. गरम पाण्याची रबरी पिशवी किंवा बाटली जाड फडक्यात गुंडाळून दहा मिनिटे ठेवावी. शेक आधी आपल्या मनगटाच्या आतील बाजूस लावून पाहावा. त्यानंतर सांध्याच्या वरच्या व खालच्या स्नायूंवर तळहाताने हलकी मालिश करावी. सांधा जोराने ओढू किंवा वाकवू नये. सांधा गरम लागत असेल किंवा नवी सूज असेल तर शेक देऊ नये.

कमी चालणाऱ्या जनावराची नखे झिजत नाहीत. वाढलेल्या नखांमुळे पंजा वाकडा पडतो व वरच्या सर्व सांध्यांवर ताण येतो. महिन्यातून एकदा नखांची टोके कापावीत. आतील गुलाबी रक्ताचा भाग कापला जाणार नाही याची काळजी घ्यावी. मांजराच्या पाठीवरून दोन दिवसाआड कंगवा फिरवावा.

औषधोपचार : येथे चूक जीवघेणी ठरते

घरातील डब्यात असलेली माणसाची वेदनाशामक गोळी कुत्र्या-मांजरास कधीही देऊ नये. पॅरासिटामॉल मांजरास विषच आहे. हे औषध निरुपद्रवी करून शरीराबाहेर टाकण्याची जी क्रिया माणसाच्या यकृतात होते, ती मांजराच्या यकृतात फारच अपुरी होते. ५०० मिलिग्रॅमची अर्धी गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. काही तासांत हिरड्या तपकिरी किंवा निळसर पडतात, तोंड व पंजे सुजतात, धाप लागते. यावर उतारा असलेले औषध आहे. पण ते वेळेत मिळाले तरच उपयोगी पडते. म्हणून चुकून गोळी पोटात गेल्यास लक्षणांची वाट न पाहता, गोळीचे वेष्टन बरोबर घेऊन पशुवैद्यकाकडे जावे.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, निमेसुलाइड या गोळ्यांनी कुत्र्याच्या जठरात व्रण पडतात, काळी शौच होते आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. अंगदुखीची मलमेही चोळू नयेत. जनावर ती चाटते आणि औषध पोटात जाते.

गुरांसाठी आणून ठेवलेले इंजेक्शनही अंदाजाने देऊ नये. गुरांच्या औषधाची तीव्रता मोठ्या देहाच्या हिशेबाने असते. शिवाय डायक्लोफेनॅक हे औषध दिलेली मृत गुरे खाऊन गिधाडे मोठ्या संख्येने मेल्याने भारतात २००६ साली त्याच्या पशूंसाठीच्या वापरावर बंदी घालण्यात आली. २०२३ मध्ये केटोप्रोफेन व असेक्लोफेनॅक यांवरही तशीच बंदी आली. ही औषधे कोणी जनावरास सुचवली तर नकार द्यावा.

मग उपचार कोणता करावा? कुत्र्यासाठी मेलॉक्सिकॅम, कार्प्रोफेन यांसारखी सूज व वेदना कमी करणारी औषधे पशुवैद्यक वजन मोजून देतात. मांजरासाठी फार थोडी औषधे चालतात व त्यांची मात्राही अगदी कमी असते. औषध सुरू करण्यापूर्वी व नंतर अधूनमधून रक्त तपासून यकृत आणि मूत्रपिंडांची स्थिती पाहणे आवश्यक असते. घरी पुढील पथ्ये पाळावीत.

१) गोळी खाद्याबरोबर द्यावी व स्वच्छ पाणी सदैव समोर ठेवावे.
२) ठरलेल्या मात्रेपेक्षा जास्त देऊ नये. एक मात्रा चुकली तर पुढची दुप्पट करू नये.
३) उलटी, काळी शौच, जुलाब, खाणे बंद होणे यांपैकी काहीही दिसल्यास औषध थांबवून पशुवैद्यकास कळवावे.
४) या गोळ्यांबरोबर डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन यांसारखी स्टेरॉइड औषधे देऊ नयेत. दोन्ही एकत्र आल्यास जठरास छिद्र पडण्याचा धोका असतो. आधी दुसरीकडे इंजेक्शन घेतले असेल तर ते न लपवता सांगावे.
५) कुत्र्याचे औषध मांजरास देऊ नये.

साधी तपासणी व औषधे तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मिळू शकतात. क्ष-किरण तपासणी किंवा शस्त्रक्रियेची गरज असेल तर जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय अथवा पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय गाठावे. आपल्या राज्यात मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर व शिरवळ येथे अशी महाविद्यालये आहेत. निघण्यापूर्वी फोन करून सोय आहे का ते विचारावे, म्हणजे खेप वाया जात नाही.

तेल, हळद व घरगुती उपाय

माशाच्या तेलातील ओमेगा-३ मेदाम्लांमुळे सांध्याची सूज काही प्रमाणात कमी होते. त्याची मात्रा वजनानुसार विचारून घ्यावी, कारण जास्त झाल्यास जुलाब होतात व वजन वाढते. जवसाच्या तेलात ओमेगा-३ असले तरी त्याचे उपयुक्त रूपात रूपांतर कुत्र्याच्या शरीरात फार थोडे व मांजराच्या शरीरात जवळजवळ होतच नाही. म्हणून जवस हा माशाच्या तेलाला पर्याय नाही. ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांचा गुण सर्व जनावरांत सारखा येत नाही. खर्च बेताचा असेल तर दोन-तीन महिने देऊन पाहाव्यात व फरक न दिसल्यास बंद कराव्यात. चिमूटभर हळदीने अपाय होत नाही, पण तेवढ्यावर दुखणे थांबेल अशी अपेक्षा ठेवू नये.

वयस्क जनावरास कॅल्शियमचे टॉनिक पाजल्याने सांधे सुधारत नाहीत. मोठ्या जातीच्या वाढत्या पिल्लास तर जास्त कॅल्शियम व जास्त खाद्य दिल्याने हाडे व सांधे बिघडतात. सांध्यावर डाग देणे, बिब्बा घालणे, रॉकेल किंवा जळके ऑइल चोळणे हे प्रकार पूर्ण बंद करावेत. डाग दिल्यावर जनावर काही दिवस चालते, ते दुखणे गेले म्हणून नव्हे तर नव्या वेदनेपुढे जुनी मागे पडते म्हणून.

नोंद ठेवा

दुधाची नोंद ठेवतो तशी एक साधी नोंद ठेवावी. आठवड्यातून एकदा तीन गोष्टी लिहाव्यात : उठायला किती वेळ लागला, नेहमीच्या वाटेवर कुठपर्यंत चालला आणि खाद्य पूर्ण खाल्ले का. महिन्यातून एकदा वजन लिहावे. औषध सुरू केल्यावर गुण आला की नाही हे अशा वहीवरून कळते. आठवणीवरून कळत नाही. पशुवैद्यकालाही मात्रा कमी-जास्त करताना तिचा उपयोग होतो.

अखेरचा टप्पा

सर्व उपाय करूनही जनावर स्वतः उठू शकत नाही, जागेवरच घाण होते, पाठीला जखमा पडतात, खाणे सुटते, अशी वेळ कधी कधी येते. चांगल्या दिवसांपेक्षा वाईट दिवस जास्त होऊ लागले की पशुवैद्यकाशी मोकळेपणाने बोलावे. भुलीच्या औषधाने वेदनारहित मरण देता येते. विषारी औषध घालणे किंवा दूर माळावर नेऊन सोडणे हे क्रूरपणाचे तर आहेच, पण कायद्यानेही गुन्हा आहे. मरण दिलेल्या जनावराचे शव उघड्यावर टाकू नये. त्यातील औषधाने गिधाडे, घारी व इतर कुत्री मरू शकतात. विहीर-ओढ्यापासून दूर खोल खड्डा करून पुरावे.

सारांश

१) उठण्यास उशीर, चढण्यास टाळाटाळ व सवयीतील बदल ही वयाची नव्हे, वेदनेची लक्षणे समजून तपासणी करावी.
२) वजन कमी ठेवणे हा पहिला उपाय.
३) कोरडा जाड बिछाना, न घसरणारी वाट व रोज थोडे चालणे यांत खंड पडू देऊ नये.
४) माणसाची किंवा गुरांची वेदनाशामक औषधे देऊ नयेत. मांजरास पॅरासिटामॉल म्हणजे विष.
५) बिबट्याच्या भागात रात्री म्हातारे जनावर बाहेर बांधू नये.

शेतकरी बंधू-भगिनींनो, आज संध्याकाळी वस्तीवर गेल्यावर आपल्या कुत्र्याला लांबून हाक मारून पाहा आणि तो कसा उठतो, पहिली दहा पावले कशी टाकतो, ते नीट बघा. उपचाराची सुरुवात तेथूनच होते.